रेंज गेली, पान उघडलं!

मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. घरच्यांना सांगून झालं, शेजारी ऐकून कंटाळले, आणि शाळेतले सहकारी तर आता मधल्या सुट्टीत मला बघितलं की चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जातात. म्हणून तुम्हाला सांगते. धडगावात, माझ्या घरात, बाहेरच्या इंटरनेटची वायर काढून ठेवलेली असताना अख्खा मराठी विकिपीडिया चालतो! लेख उघडतात, लेखातल्या दुव्यावर बोट ठेवलं की पुढचा लेख उघडतो, शोधलेलं सापडतं. आणि ते पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र, ज्याच्याकडे बघत मी आयुष्यातला केवढा तरी वेळ घालवला, ते दिसतसुद्धा नाही.

धडगाव ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना यातली मजा कळायची नाही. नंदुरबार जिल्ह्याचा हा अक्राणी तालुका. तळोद्याहून चांदसैली घाट चढून या, नाहीतर शहाद्याकडून या, सातपुडा चढल्याशिवाय इथे पोहोचता येत नाही. उत्तरेला नर्मदा, मध्ये डोंगरांच्या रांगा आणि त्यांच्या कुशीत विखुरलेले पाडे. इथे प्रत्येक घरात रेंजची एक ठरलेली जागा असते. आमच्याकडे ती खिडकीच्या वरच्या फळीवर आहे. फोन तिथे ठेवायचा आणि खाली उभं राहून मोठ्याने बोलायचं. पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वरून ‘ऑनलाईन शिकवा’ असा निरोप आला, तेव्हा आमच्या मुलांचे पालक माझ्याकडे बघून नुसते हसले होते.

आणि जिल्हा कोणता, तर ज्याच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं तो! पंतप्रधान स्वतः आले होते. देशाची डिजिटल ओळख जिथून सुरू झाली, त्याच जिल्ह्याच्या डोंगरात आम्ही फोन हातात उंच धरून फिरतो. असो. तक्रार करायला मी बसलेलीच नाहीये.

तर दिवाळीला पुण्याहून भाचा आला होता. संगणकातला माणूस. मी त्याच फळीखाली उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या पाठासाठी ज्वारीवरचं एक पान उघडायची खटपट करत होते. त्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, “मावशी, हे पान तू मागच्या वर्षीही उघडलं असशील ना? त्याच्या आदल्या वर्षीही? दरवेळी तेच पान एवढ्या लांबून नव्याने मागवतेस. एकदा आलं की घरात ठेवून का घेत नाहीस?”

घरात ठेवून! इंटरनेट घरात ठेवून! मी त्याला वेड्यातच काढलं. पण रात्रभर तेच डोक्यात. खरंच की. नंदुरबारच्या बाजार समितीत मिरचीचा भाव रोज बदलतो, तो रोज नव्यानेच बघायला हवा. पण मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशात आली, ही माहिती रोज कुठे बदलते? ती पाच वर्षांपूर्वी होती तीच आज आहे. बँकेचं खातं, सातबारा, दहावीचा निकाल हे सगळं जिवंत, हलतं. पण मुलांना आणि मला जे वाचायला लागतं, ते लेख, शब्दकोश, गोष्टी, नकाशे, शिकवणीचे व्हिडिओ, ते जवळजवळ सगळं स्थिर. तेच ते आम्ही घाटावरून पुन्हा पुन्हा ओढून आणत होतो.

आणि गंमत म्हणजे मोठ्या कंपन्यांना हे केव्हापासून ठाऊक आहे! १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन आपला नंदुरबार जिल्हा झाला, त्याच वर्षी अमेरिकेत टॉम लेटन आणि डॅनियल लुइन यांनी आकामाई नावाची कंपनी काढली. तिचा धंदाच हा: वेबसाईटच्या प्रती जगभर ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि वाचणाऱ्याला त्याच्या सगळ्यात जवळची प्रत द्यायची. आज मोठ्या व्हिडिओ कंपन्या तर इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या आवारातच आपली साठवणीची यंत्रं नेऊन ठेवतात. तुम्ही मुंबईत बसून जो सिनेमा बघता, तो बहुतेकदा समुद्रापलीकडून येतच नाही, शेजारच्याच इमारतीतून येतो. फक्त हे ‘जवळ’ मोठ्या शहरांपर्यंत येऊन थांबतं. घाट आमचा आम्हालाच चढावा लागतो.

मग ही साठवण घरी का नको? पूर्वी असायची म्हणे. १९९६ पासून स्क्विड नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. कॉलेजांच्या लॅबमध्ये तो मध्ये बसवत, एकाने उघडलेलं पान तो साठवून ठेवी आणि दुसऱ्याला तिथूनच देई. पण पुढे जवळजवळ सगळं वेब कुलूपबंद झालं, पत्त्याच्या सुरुवातीला ते ‘एचटीटीपीएस’ आलं. मध्ये बसलेल्याला आता आतलं काही दिसत नाही, मग तो साठवणार काय? ब्राउझरची स्वतःची साठवणसुद्धा २०२० पासून क्रोमने प्रत्येक साईटची वेगळी केली. एका साईटसाठी उतरलेली फाइल दुसरीला वापरता येत नाही. दोन्ही गोष्टी सुरक्षेसाठी चांगल्याच. पण आमच्यासारख्यांच्या घरची शिदोरी त्यात गेली.

इथे भाच्याने किविक्स काढलं. २००७ मध्ये इमॅन्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोदाँ या दोघांनी सुरू केलेला हा प्रकल्प. अख्खा विकिपीडिया घट्ट दाबून एका फाइलमध्ये बसवायचा, ‘झिम’ म्हणतात त्या फाइलला, आणि इंटरनेटशिवाय वाचायचा. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट शंभर जीबीच्या आसपास जातो. मराठी विकिपीडिया, जो १ मे २००३ पासून आपल्याच माणसांनी फावल्या वेळात लिहीत लाखभर लेखांच्या घरात नेला, तो साध्या पेन ड्राइव्हवर मावतो. साध्या पेन ड्राइव्हवर हो! जो मी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून फिरते.

फाइल धडगावात उतरवायचा प्रश्नच नव्हता. शहाद्याला आमच्या नातलगांकडे ब्रॉडबँड आहे, तिथे उतरवली आणि एस.टी.ने पर्समधून घरी आणली. आता हा हिशेब बघा, मी वहीत मांडून बघितलाय. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह, शहादा ते धडगाव, अडीच तास धरा. सेकंदाला पन्नास मेगाबिटच्या वर वेग पडतो! आमच्या डोंगरात हा वेग कुठल्याही कंपनीने दिलेला नाही, महामंडळाच्या लाल डब्याने दिलाय.

घरी एक जुना लॅपटॉप होता, बिजागरी मोडलेला, भंगारवाल्याची वाट बघत पडलेला. त्यावर किविक्सचा सर्व्हर टाकला, घरातला राउटर जोडला आणि राउटरमधून बाहेरची वायर काढून टाकली. फोनच्या ब्राउझरमध्ये एकशे ब्याण्णवने सुरू होणारा घरातलाच पत्ता टाकला. आणि पान उघडलं! फटकन! मी ‘तोरणमाळ’ टाकलं, उघडलं. ‘नर्मदा’ टाकलं, उघडलं. मग मी आणि भाचा दोघं वेड्यासारखे काहीही टाकत सुटलो: उंट, विषुववृत्त, सावित्रीबाई, शनीची कडी.

संध्याकाळी गल्लीतली पोरं आली. “मॅडम, तुमच्या वायफायला रिचार्ज लागत नाही का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. लागत नाही म्हटल्यावर ओट्यावर जी गर्दी झाली ती अजून रोज होते. सातवीतला एक मुलगा, ज्याने वर्गात कधी तोंड उघडलेलं मला आठवत नाही, तो व्हेल माशावरून निघून पाणबुडीवर, तिथून दुसऱ्या महायुद्धावर आणि तिथून जपानवर पोहोचला. २०११ च्या जनगणनेत ६४ टक्के साक्षरता होती आमच्या जिल्ह्याची, राज्यात सगळ्यात खाली. तो आकडा आम्हा शिक्षकांना प्रत्येक बैठकीत ऐकवतात. ते ऐकवणाऱ्यांनी एकदा या ओट्यावर येऊन बसावं.

मग काय, हाव सुटली. मराठी विक्शनरी, म्हणजे शब्दकोश, आणली. हक्कमुक्त पुस्तकांचा साठा असलेला विकिस्रोत आणला, त्यात साने गुरुजी भेटले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं झालंय. अमळनेरला शिकवणारे गुरुजी, म्हणजे खानदेशातलेच, ते घाट चढून धडगावात आले याचा मला कोण आनंद! मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आणले. ही मंडळी आपले धडे मराठीसकट कितीतरी भारतीय भाषांत करतात आणि इंटरनेट नसलेल्यांसाठी एकत्र बांधून उतरवून घ्यायची सोयही ठेवतात. त्यात बाळाला अंगावर कसं पाजावं, वरचं अन्न केव्हा आणि काय द्यावं, असेही धडे आहेत. कुपोषणाच्या बातम्यांत ज्या तालुक्यांची नावं कायम येतात, तिथे हा व्हिडिओ अर्ध्यावर न अडकता शेवटपर्यंत दिसणं ही केवढी गोष्ट आहे!

इथपर्यंतचं सगळं म्हणजे नुसती सुरुवात होती. खरा धक्का पुढे बसला.

भाचा म्हणाला, “मावशी, हे झालं तुझ्या घरातलं. पण तुझ्याकडची वस्तू दुसऱ्याला हवी असली तर?” आणि त्याने आयपीएफएस दाखवलं. हुआन बेनेट नावाच्या माणसाने मांडलेली ही पद्धत २०१५ मध्ये लोकांसमोर आली. कल्पना अशी आहे की ऐकल्यावर वाटतं, हे पहिल्यापासूनच असं का नव्हतं? आपण वेबवर पत्ता टाकतो तो जागेचा असतो: अमुक कंपनीच्या अमुक सर्व्हरवर जा आणि तिथे जे असेल ते आण. सर्व्हर बंद, तर पान गेलं. आयपीएफएसमध्ये पत्ता वस्तूचाच असतो! फाइलचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर गणित चालवून त्याचा ठसा काढायचा, आणि सगळ्यांचा मिळून एक ठसा, एक लांबलचक अक्षरमाळ. तोच तिचा पत्ता. फाइलमधला एक काना जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. म्हणून ती फाइल कुणाकडून आली याला महत्त्वच उरत नाही. न्यूयॉर्कहून येवो, शेजारच्या पाड्यावरून येवो, ठसा जुळला की ती अस्सल. देणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, गणितच पहारा देतं.

आणि साठवण आपोआप होते. तुम्ही जे उघडलं ते तुमच्याकडे राहतं, आणि जोवर राहतं तोवर मागेल त्याला तुमच्याकडून मिळतं. मूळ सेटिंगमध्ये दहा जीबीची मर्यादा असते, जागा कमी पडली की जुनं झाडून टाकता येतं. पण जे कायम ठेवायचंय त्यावर खूण करायची, मग ते हलत नाही.

आम्ही करून बघितलं. भाच्याच्या लॅपटॉपवर एक गोष्टींचं पुस्तक, माझ्या लॅपटॉपवर काही नाही. बाहेरची वायर काढलेली. मी ती अक्षरमाळ टाकली मात्र, माझ्या यंत्राने घरातल्या घरात हाक मारली, त्याच्या यंत्राने ओ दिली आणि पुस्तक माझ्याकडे आलं! मग त्याने आपला लॅपटॉप बंद केला, फोनवरून माझ्याकडे तीच अक्षरमाळ मागितली, तर फोनवरही आलं. मूळ मालक झोपलेला आणि वस्तू फिरतेय! धडगाव भागात बायफ संस्थेच्या मदतीने देशी मका-ज्वारीच्या बियाण्यांच्या सामुदायिक बँका उभ्या राहिल्या आहेत. तिथलं वाण ज्याने नेऊन पेरलं, त्याच्याकडून ते पुढच्याला मिळतं, आणि जितक्या घरांत जातं तितकं ते बुडणं अवघड होतं. आयपीएफएस मला त्या बियाण्यांच्या बँकेसारखंच वाटलं.

नवीन तरी किती म्हणायचं याला? शहाद्याच्या, तळोद्याच्या आठवडे बाजारात मोबाईलच्या दुकानासमोर पोरं उभी राहायची, “भाऊ, गाना भरी दे ना,” आणि वीस रुपयांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून घरी. ते कार्ड मग पाड्यावरच्या पन्नास फोनमध्ये उतरायचं. अहिराणी गाणी अशीच तर डोंगरात पोहोचली. क्यूबात तर दर आठवड्याला एक टेराबाइटभर माल हार्डडिस्कवरून घरोघर फिरतो. इंटरनेट नसलेल्यांनी ही वाट कधीच शोधली होती; विद्वानांनी तिला गणिताचा पहारा दिला.

आणि ही वाट नुसती गरिबाची नाही. २९ एप्रिल २०१७ ला तुर्कस्तानच्या सरकारने विकिपीडिया बंद केला. थोड्याच दिवसांत तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएसवर हजर! ती प्रत कशापासून बनवली होती? किविक्सच्या झिम फाइलपासून! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. म्हणजे माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात लटकणारी वस्तू त्याच जातीची होती, जिने सरकारी बंदीला वळसा घातला. ती बंदी पुढे १५ जानेवारी २०२० ला उठली.

आता काही कडू गोष्टी, कारण उत्साहाच्या भरात त्या सांगितल्या नाहीत तर तुम्ही मला शिव्या द्याल. घरी आणलेला विकिपीडिया हा फोटो आहे. फाइलच्या नावातच वर्ष-महिना लिहिलेला असतो, त्यानंतरचं त्यात काही नाही. आयपीएफएस बाहेरच्या जगाशी जोडून ठेवलं तर ते सतत इतरांशी गप्पा मारत राहतं आणि रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकचा फडशा पाडतं; कमी शक्तीचा पर्याय निवडावा, नाहीतर माझ्यासारखं घरापुरतंच चालवावं. मोबाईलच्या जोडणीवर बाहेरचे लोक सहसा तुमच्यापर्यंत पोहोचूच शकत नाहीत, कारण शेकडो ग्राहक एकाच पत्त्याआड बसवलेले असतात. तुमच्याकडे काय आहे हे आयपीएफएसवर जाहीर होतं, म्हणून घरगुती फोटो-बिटो त्यावर अजिबात टाकू नका. आणि सिनेमे, हक्क शिल्लक असलेली पुस्तकं वाटायचा धंदा तर मुळीच नको. मोकळं साहित्य इतकं आहे की आयुष्य पुरायचं नाही.

ज्यांच्या शाळेत संगणकांची लॅब आहे त्यांना जाता जाता एक: विंडोजमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाची सोय आधीच आहे. ती लॅबच्या नेटवर्कपुरती चालू केली की एका संगणकाने उतरवलेलं अपडेट बाकीचे त्याच्याकडून घेतात. दहा संगणकांनी तेच अपडेट दहादा ओढायचं कारण नाही. सेटिंगमधलं एक बटण आहे हो, एक बटण!

पुण्या-नाशिकच्या, मुंबईच्या वाचकांना मात्र माझी विनंती आहे. तुमच्या घरी फायबर आहे, रात्रभर ते रिकामं पडून असतं. किविक्सच्या फाइली टॉरेंटनेही मिळतात. मराठी विकिपीडियाची फाइल उतरवा आणि तुमचा संगणक ती पुढे वाटत राहील असा चालू ठेवा. भंगारात निघालेला लॅपटॉप, जुनी हार्डडिस्क फेकू नका. ओळखीच्या एखाद्या डोंगरातल्या शाळेला द्या, पण रिकामी देऊ नका, भरून द्या. आणि अक्कलकुवा, मोलगी, धडगाव, तोरणमाळ अशा बाजूला फिरायला येणार असाल तर पेन ड्राइव्हवर ताजी झिम फाइल घेऊन या. आमच्याकडची आता जुनी व्हायला लागलीय.